टेल्फरच्या दगडावरची नावं

चार महिने होऊन गेले, तरी त्या दगडाची आठवण आली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आठ नावं कोरलीत त्याच्यावर. आठ! आणि त्यात झाबेथआत्याचं नाही.

आमच्या कारियाकू बेटावर थडगी बांधणारे आम्ही तीन गवंडी, त्यातला बरा मी, आल्बन. बाकीच्या दोघांना विचारलंत तर ते वेगळं सांगतील. सांगू देत. आमच्याकडे माणूस गेला की लगेच दगड बसत नाही. आधी नुसता मातीचा उंचवटा आणि कडेने शंख. मग वर्षं जातात, पाच, दहा, कधी पंचवीस. मग एके दिवशी गेलेला माणूस घरातल्या कुणाच्या तरी स्वप्नात येतो आणि मागतो. त्यानंतर सगळं गोत गोळा होतं, बकरी कापली जाते, मक्याचा कू-कू थापला जातो, गेलेल्यांसाठी बिनमिठाचं ताट वेगळं वाढलं जातं आणि दगड उभा राहतो. ज्याला स्वप्न पडलं त्यानेच जमिनीवर पहिलं पाणी ओतायचं. दुसऱ्या कुणी ओतलं तर ते झाडाला घातल्यासारखं, त्याचा काही उपयोग नाही.

टेल्फर पॅट्रिस म्हणजे आत्याचा बाप, माझ्या आजीचा भाऊ. त्याला जाऊन सव्वीस वर्षं झाली. गेल्या मक्याच्या हंगामात तो आत्याच्या स्वप्नात आला. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, दारात उभा, आत येईना. म्हणाला, "झाबेथ, मला उन्हात का ठेवलंय?" सकाळी कोंबडं आरवायच्या आत आत्या माझ्या दारात. "ऊठ रे मेल्या, बापाला दगड पाहिजे."

आता आत्या म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायलाच हवं, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

टेल्फरची सहा मुलं. नॉरिस ब्रुकलिनला गेला, आयान्थी इंग्लंडात हडर्सफील्डला, युराइस टोरँटोला, सिल्व्हेस्टीन त्रिनिदादला, कॅन्यूट नॉरिसच्या मागोमाग ब्रुकलिनला. सहावी झाबेथ. ती कुठेच गेली नाही. आता ती चौऱ्याहत्तरची आहे. भावंडांतली चार गेली, आणि आयान्थी तिकडे वृद्धाश्रमात आहे, तिला तिचंच नाव आठवून द्यावं लागतं.

टेल्फर शिडाच्या बोटीवरचा कप्तान होता. म्हातारपणी डोळे गेले. बोटीवर रात्रीच्या अंधारात दोर ओळखणारा माणूस, घरात चाचपडायला लागला म्हणून चिडायचा, भांडी फेकायचा. आत्याने काय केलं? स्वयंपाकघराच्या दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत दोर बांधला आणि त्याला गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे पायरी, दोन गाठी म्हणजे खुर्ची, तीन म्हणजे टाकीचा काठ, सांभाळ. अकरा वर्षं तो त्या दोराला धरून कप्तानासारखा फिरला. दर पावसाळ्यानंतर दोर कुजायचा आणि आत्या नवा बांधायची.

तिला मागणी आली नव्हती असं नाही. विंडवर्ड गावचा ऑगस्टीन, बोटी बांधणारा, चांगला उमदा गडी. त्याला अरुबाला जायचं होतं. ती म्हणाली, मका काढून होऊ दे, मग बघू. तो दोन मके थांबला, तिसऱ्याला गेला. त्यावर ती कधी बोलत नाही आणि विचारलं तर विचारणाऱ्याच्या हातात तुरीच्या शेंगा सोलायला देते.

तापट तर अशी! नॉरिस एकोणीस वर्षांनी ब्रुकलिनहून आला. फाटकातूनच म्हणाला, "काय गं, घराला अजून रंग नाही?" आत्याने बादली आणि ब्रश त्याच्या चकचकीत बुटांशेजारी ठेवला आणि आतून कडी लावली. "रंग लागला की जेवायला ये." नॉरिसने दोन दिवस रंग दिला, माझ्या घरी जेवून. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबून म्हणायचा, डावीकडे राहिलं रे.

आणि तरी दर रविवारी जेवायच्या आधी ती हात जोडून समुद्रापलीकडच्यांची नावं घ्यायची. नॉरिस, आयान्थी, युराइस, सिल्व्हेस्टीन, कॅन्यूट. मग त्यांची मुलं, मग नातवंडं. इथे सगळ्या घरांत तसंच करतात. जे लांब आहेत त्यांची नावं घ्यायची. जवळच्यांची कशाला घ्यायची? ते तर ताट पुढे ओढून बसलेले असतात. लहानपणापासून मी हे इतक्यांदा ऐकलंय की कुणी झोपेतून उठवून "तुमचं घराणं सांग" म्हटलं तरी मी तीच पाच नावं तिच्याच चालीत म्हणेन.

हे लक्षात ठेवा.

तर व्हर्लिन. टेल्फरचा थोरला भाऊ सेप्टिमस, तो फार पूर्वी इंग्लंडला गेला आणि तिकडेच विरघळला. व्हर्लिन त्याची नात. शाळेत शिकवते. तिला घराण्याचा शोध घ्यायचं वेड लागलं. जहाजांच्या याद्या, जनगणनेची कागदं, कुठल्या कुठल्या चुलत-मावस लोकांना तिने हुडकून काढलं, हडर्सफील्ड, ब्रुकलिन, टोरँटो, सगळ्यांची मोट बांधली. फक्त इथलं काही मिळेना, तिकडच्या पोरांना इथलं कोण आठवतंय. मिळणार कसं? चर्चचं दप्तर मागच्या एका वादळात छपरासकट गेलं. मग तिने कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि फोनवर लिहिलं, "तुम्ही माझे भाऊ लागता. टेल्फरआजोबांच्या घरात कोण कोण, ते तुमच्या हाताने लिहून पाठवाल का?"

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. जन्मभर सिमेंट कालवणाऱ्या माणसाला इंग्लंडची मास्तरीण विचारते, तुमच्या हाताने लिहा. मी वही घेतली आणि आत्याकडेच गेलो, तिला सगळ्यांचं साल-महिना पाठ. तिने कोको चहा ठेवला. मी तिच्या टेबलावर बसून लिहिलं. ती चुलीपाशी उभी राहून सांगत होती, "सिल्व्हेस्टीनचं साल चुकवू नकोस, ती रताळ्यांच्या वर्षी झाली." मी लिहिलं. शेवटी खाली लिहिलं की घरात स्वप्न पडलंय, दगड बसवायचाय, दगड मी बसवीन, मी गवंडी आहे. जेवणाची काळजी नको, झाबेथ आहे.

"सगळे आले ना?" आत्याने विचारलं.

"आले," मी म्हटलं. कागदाचा फोटो काढला आणि पाठवला.

मग तिकडून उत्साहाला उधाण आलं. व्हर्लिनने कळवलं की दगड आम्ही पाठवतो, काळा, घासलेला, नावं कोरून. आत्या म्हणाली, बापाला परदेशी दगड मिळणार म्हणजे चैन आहे त्याची. बकरी दोन महिने आधीपासून वेगळी बांधली. चुलीवर मका धुरावायला टांगला. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटत होतं, ते दिसायचं. जेवायच्या आधीच्या यादीत तिने व्हर्लिनचं नाव घातलं, न बघता.

दगड बोटीने आला. पेटी मीच उघडली. वरती टेल्फरचं नाव मोठं, त्याच्याखाली बायकोचं, मग "मुलं" आणि ओळीने नावं. आणि अगदी तळाशी लहान अक्षरात: दगड बसवला आल्बन, गवंडी. अहो, मी तिथेच मांडी घालून बसलो. बोट फिरवून बघितलं. चार जणांना बोलावून दाखवलं. हार्बरवर जॅक आयर्न रमचा एक घोट सगळ्यांना पाजला. स्वतःच्या नावाच्या वरती मी वाचलंच नाही.

दगड उभा करायच्या आदल्या दिवशी तो गेलेल्याच्या पलंगावर ठेवतात आणि आंघोळ घालतात. दुपारची वेळ. घरात आत्या, मी आणि त्याच सकाळी बोटीने आलेली व्हर्लिन. चाळिशीची, दिसायला हुबेहूब माझ्या आजीसारखी, कपाळ तसंच. आत्याने तिला दारात बघितलं आणि तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "सेप्टिमसचं नाक आलं गं घरी." व्हर्लिनला रडू आलं. मग तिने एक लांबलचक कागद भिंतीवर चिकटवला. घराण्याचा वृक्ष. म्हणे दोनशे चौदा नावं.

आत्या दगड धुवायला बसली. पाणी, थोडी रम, जुन्या परकराचा मऊ तुकडा. प्रत्येक अक्षरातून तिने चिंधी फिरवली. नॉरिसपाशी हसली. सिल्व्हेस्टीनपाशी पुटपुटली, "साल बरोबर आहे." कॅन्यूटपर्यंत आली. खाली माझं नाव धुतलं. मग ती थांबली. दगडाच्या कडेला हात घालून तिने तो थोडा उचलायचा प्रयत्न केला आणि मला म्हणाली, "आल्बन, बाकीचं मागच्या बाजूला आहे का?"

मी वाचलं. तेव्हा कुठे वाचलं.

माझं रक्त उसळलं. मी व्हर्लिनवर असा धावून गेलो की बाहेरच्या शेळ्या दोर ओढायला लागल्या. "ही काय थट्टा आहे? हिचं नाव कुठाय? अकरा वर्षं आंधळ्या बापाला हिने वागवलं, आणि तुम्ही तिकडे गरम खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकणार? दोनशे चौदा नावं म्हणे! कबरीवरचं गवत उपटणारे हात कुठल्या जनगणनेत सापडायचे तुम्हाला?"

व्हर्लिन पांढरीफटक. "कोणाचं नाव? या... या कोण?"

"कोण? टेल्फरची मुलगी! ही झाबेथ!"

"झाबेथ?" ती म्हणाली. "पण झाबेथ म्हणजे तर स्वयंपाकाच्या बाई ना?"

मी हात उगारायचाच बाकी होता. व्हर्लिनने फोन काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरला. "मला तुम्हीच पाठवलं होतं, दादा. मी चारदा वाचलं. चुकू नये म्हणून चारदा."

माझं अक्षर. माझी वही. कोपऱ्यात कोको चहाच्या कपाचा गोल डाग. टेल्फरची मुलं: नॉरिस, आयान्थी, युराइस, सिल्व्हेस्टीन, कॅन्यूट. आणि खाली: जेवणाची काळजी नको, झाबेथ आहे.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तोंडात मारल्यासारखं झालं मला. राग तर होताच, तेवढाच होता, आता तो ठेवू कुठे तेवढं कळेना.

आत्याने फोन हातात घेतला. लांब धरला, डोळे बारीक करून वाचला. सगळा वाचला, शेवटच्या ओळीसकट.

"आत्या, अगं तू तर घरातलीच," मी बोलायला लागलो. "तुझं काय लिहायचं? तुला कोण ओळखत नाही? मला वाटलं..."

"कुणाच्या टेबलावर बसून लिहिलंस?"

"तुझ्या."

"कप कुणाचा?"

"तुझाच."

"मी विचारलं होतं, सगळे आले ना?"

मी फोन मागायला हात पुढे केला, तिने दिला नाही.

"मी चुलीपाशी उभी होते, मेल्या. चार पावलांवर. तू मान वर केली असतीस तरी सहावी दिसली असती."

व्हर्लिन रडायला लागली. आत्याने तिला एका हाताने थोपटलं, माझ्यावरची नजर न काढता. "तू रडू नकोस, पोरी. तुला जे दिलं ते तू कोरलंस. तुझी काही चूक नाही. तू निदान शोधायला तरी निघालीस. हा तर शेजारी बसून हरवतो माणसं."

मी म्हटलं, छिन्नी आणतो, आत्ता कोरतो. दगड माझ्या हातातला आहे.

"कुठे? जागा कुठे आहे?"

खरंच नव्हती. वरपासून खालपर्यंत नीट मापून बसवलेलं काम. मी म्हटलं, "माझं नाव घासून काढतो. तिथे तुझं घालतो."

"तुझ्या उष्ट्या जागेवर?" तिचा आवाज असा चढला की मी दोन पावलं मागे सरलो. "बापाच्या पायाशी, गवंड्याचं खरवडून? नको. माझ्या नावाला हात लावायचा नाही. एवढ्या वर्षांत लावला नाहीस, आता कशाला?"

आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली. दोर कधीचाच काढून टाकलाय, पण ती त्याच वाटेने गेली, लिंबाच्या झाडापर्यंत, आणि तिथे पाठ करून बसली.

आता खरी पंचाईत ही होती. दुसऱ्या दिवशी ब्रुकलिनहून, टोरँटोहून आलेली माणसं जमणार, ढोल येणार, आणि स्वप्न एकटीला पडलेलं. ती आली नाही तर दगड नुसता दगड. टेल्फर दारात भिजलेला उभा तो उभाच. मी आयुष्यात शंभराच्या वर थडगी बांधली असतील, पण माझ्यामुळे एखादा माणूस बाहेर राहिला असं कधी झालं नव्हतं. व्हर्लिन दोनदा लिंबापाशी जाऊन आली. मला म्हणाली, "काही बोलत नाहीत. तुरी सोलतायत."

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही सगळे कबरीपाशी. आलेल्यांना बातमी कळली होती, इथे शेळी शिंकली तरी कळते. नॉरिसचा मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. मी सिमेंट कालवलं, दगड सरळ केला, ओळंबा लावला. शिंतोडे उडवायची रम हातात घेऊन उभा राहिलो. आणि पायवाटेवर आत्या दिसली. पांढरा पोशाख, डोक्याला पांढरं फडकं, हातात बिनमिठाच्या कू-कूचं ताट, मागून व्हर्लिन पाण्याचा तांब्या घेऊन. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, निवळली.

तिने ताट दगडापुढे ठेवलं. तांब्या घेतला. जमीन भिजवताना घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायची असतात, गेलेल्यांची, लांबच्यांची आणि तिथे उभ्या असलेल्यांचीही, म्हणजे आतल्याला कळतं कोण कोण आलंय. एकेक नाव, एकेक धार.

"बाबा, तुमची झाबेथ पाणी देते," ती म्हणाली. पहिलं तेच नाव. मोठ्याने, खणखणीत. खाली समुद्रापर्यंत गेलं असेल. "बाबा, तुमचा नॉरिस. तुमची आयान्थी, ती विसरलीय, तुम्ही विसरू नका. युराइस. सिल्व्हेस्टीन. कॅन्यूट." मग नातवंडं, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून, हा अमक्याचा, ही तमकीची. एकदाही चुकली नाही, कालपर्यंत न बघितलेली माणसं ती. मग व्हर्लिनला तिने ओढून पुढे घेतलं. "बाबा, ही सेप्टिमसच्या घरची. हरवली होती. स्वतः शोधत आली." व्हर्लिनच्या पायाशी तिने धार जरा जास्तच ओतली.

मग तिने माझ्या आजीचं नाव घेतलं. मग माझ्या बापाचं. मी टोपी काढली आणि एक पाऊल पुढे झालो.

तिने तांब्या उपडा केला. उरलेलं सगळं पाणी एकदम जमिनीवर. "आमेन," ती म्हणाली, आणि ढोल सुरू झाले.

मी तसाच उभा, टोपी हातात. लोक ताटांकडे वळले. ती माझ्या शेजारून जायला लागली तेव्हा माझ्या तोंडून निघालंच, "आत्या, माझं राहिलं."

ती थांबली. रागावलेली सुद्धा दिसत नव्हती, हेच वाईट होतं.

"तुझं काय घ्यायचं?" ती म्हणाली. "तू तर समोरच होतास."

चार महिने झाले. व्हर्लिन दर रविवारी तिला फोन करते, जेवायच्या वेळी, आणि दोघी मिळून नावं म्हणतात. भिंतीवरच्या कागदावर आता दोनशे पंधरा आहेत. मी त्या वेळी बाहेर ओट्यावर बसलेला असतो, ती ताट आणून देते, नीट वाढलेलं, कालवणासकट, पण "आल्बन, जेव" असं म्हणत नाही. नुसतं ठेवते. मी कबरीकडे फारसा जात नाही. दगडावर माझं नाव आहे तळाशी, चांगलं खोल कोरलेलं, शंभर वर्षं जायचं नाही.